एफीची वेणी

धुकं इतकं दाट होतं की आपली बाबागाडी कुणाच्या तरी पायावर चढली, तेव्हाच इश्बेलला कळलं — समोर माणूस आहे.

"पाय मोडला का हो?" तिने घाबरून विचारलं.

"मोडला असता तर बरं झालं असतं. घरी बसून पोरगी तरी सांभाळली असती." त्याच्या कडेवर अडीच वर्षांची एक मुलगी होती, टोपीतून केस चहूकडे सुटलेले. "इथं इश्बेल म्हणून कुणी बाई घरी पोरं सांभाळते म्हणे. फार कडक आहे, असं ऐकलंय."

"फारच कडक आहे," इश्बेल म्हणाली. "आणि तिच्या गाडीखाली यायचं नसतं."

तो आधी ओशाळला, मग हसला... आणि इश्बेलला उगाचच स्वतःची लोकरी टोपी सारखी करावीशी वाटली. वय एकोणतीस, पण काही बाबतीत माणूस सोळाचंच राहतं.

त्याचं नाव इनिस. स्कॉटलंडच्या त्या थंडगार किनाऱ्यावर, स्कर्नेसच्या बंदरात, तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. बायको, कर्स्टी, दीड वर्षापूर्वी होडी उलटून गेली होती. तिचा देह सापडला नव्हता. मुलीचं नाव एफी.

दुसऱ्या दिवसापासून एफी इश्बेलकडे यायला लागली आणि तिच्याबरोबर वही. सांभाळणारीने दिवसभराचं सगळं वहीत लिहायचं, आईबापांनी रात्री वाचायचं, सकाळी उत्तर धाडायचं. इश्बेलचा नियम एकच होता : जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते नाही.

"लापशी अर्धी वाटी. उरलेली माझ्या मांडीवर. झोप दीड तास," असं ती लिहायची.

"तुमच्या मांडीची चौकशी करणं बरं दिसत नाही, म्हणून करत नाही," असं उत्तर यायचं. कडेला इंजिन-तेलाचा अंगठा उमटलेला. इश्बेल ते पान दोनदा वाचायची. बरं, तीनदा.

तिसऱ्या आठवड्यात समुद्रावरून पुन्हा धुकं आलं. एफी मागच्या खोलीत झोपली होती, खिडकी बंद होती. दुसरी दोन पोरं पुढच्या खोलीत खेळत होती. मागच्या खोलीतला आवाज पुढे ऐकवणाऱ्या टेबलावरच्या यंत्रातून एफीचा श्वास ऐकू येत होता. इश्बेलने नीट कान दिला... श्वास दोघांचे होते.

ती धावतच गेली. खोलीत एफी एकटीच होती, नुकती जागी झालेली. तिच्या त्या रानटी केसांची चार पेडांची घट्ट, सुबक वेणी घातलेली होती. वेणीचं टोक ओलं होतं.

"कुणी घातली गं?"

"आईनं," एफी म्हणाली आणि बिस्कीट मागायला लागली.

इश्बेलने खिडकीची कडी तपासली; ती बंदच होती. हे वहीत लिहायचं कसं? ती पेन हातात घेऊन बसली असतानाच इनिस दारात आला. त्याने वेणी पाहिली आणि तो तिथेच थांबला.

"तू घातलीस?" त्याने विचारलं. "चार पेडांची... कर्स्टी स्वतःची अगदी अशीच घालायची."

इश्बेलने नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही. त्याने हो धरलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा चहाला थांबला.

मग धुकं आलं की वेणी यायची आणि वेणी आली की इनिस थांबायचा. वहीत तो लिहायला लागला, "आजची वेणी सोडवायला मन झालं नाही. शनिवारी बंदरावर फिरायला येशील? एफी बरोबर असेल, म्हणजे लोक बोलणार नाहीत. बोलले तर बोलू देत." इश्बेल गेली. लोक बोलले. तिला ते गोड वाटलं. वेणीबद्दल मात्र तिने वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

महिन्याभराने तो म्हणाला, "इश्बेल... ज्या हातांनी ही वेणी घातली, ते हात मला माझ्या घरात हवेत."

कुणीही हरखून गेलं असतं. इश्बेल मात्र रात्रभर रडली. त्याला हवे होते ते हात तिचे नव्हतेच.

सकाळी तिने अपघाताचा कागद काढला. पोराला खरचटलं की हा कागद भरावा लागतो आणि पालकाची सही घ्यावी लागते. तिने लिहिलं, "वेळ : दुपारची झोप. काय घडलं : एफीची वेणी कुणीतरी घातली, पाच वेळा. मी नाही. एफी म्हणते, आईनं. उपचार : काही नाही. पालकांना कळवलं : एकतीस दिवस उशिरा."

इनिसने तो दारातच वाचला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"घाबरलास?"

"घाबरू?" तो ओरडलाच. "ती इथं येत होती, आणि मी तिकडे नटबोल्ट पिळत होतो! एवढं लिहायचं होतंस गं... एवढं एकच!"

सही न करताच तो निघाला. फाटकाशी वळून म्हणाला, "परत धुकं पडेल तेव्हा मी इथं बसणार."

ते चौथ्या दिवशी पडलं. दोघं एफीच्या पलंगाशी बसली. त्यांच्याखेरीज खोलीत फक्त एफीचा श्वास ऐकू येत होता. एफी उठली ती पिंजारलेल्या केसांनीच. तिचा ओठ थरथरला. "वेणी?"

इनिसने मान खाली घातली. इश्बेलला ते बघवेना.

"मला तीन पेडांचीही धड येत नाही," ती म्हणाली.

"घाल तरी."

तिने केस हातात घेतले. पेड निसटत होते. आणि मग तिच्या बोटांवर बोटं टेकली — ओली, हलकी. तिला किंकाळी फोडावीशी वाटली. पण या वेळी काहीच लपवायचं नव्हतं.

"इनिस... कुणीतरी माझे हात धरलेत."

तो जागचा हलला नाही. "काय करतेय ती?"

"शिकवतेय."

पेडावर पेड बसत गेला. शेवटची गाठ पडली आणि ती बोटं बाजूला झाली.

"सोडले?" इनिसने विचारलं.

"सोडले," इश्बेल म्हणाली. तिला रडू आवरेना. "आता मला नाही वाटत ती परत येईल."

 इनिसने खिशातून तो अपघाताचा कागद काढला, मांडीवर घेतला आणि सही केली. "हातांचं जाऊ दे. तूच येशील का? जे दिसेल ते सांगणारी बाई घरात हवी आहे मला."

"मी भित्री आहे, इनिस. महिनाभर गप्प बसले."

"आज नाही बसलीस."

ती येईन म्हणाली.

एफी खिडकीकडे पाहून हात हलवत होती. इनिसला काचेपलीकडे धुक्याशिवाय काहीच दिसेना. तरी त्याने हात वर केला आणि हलवला, कुठे बघून हलवायचा ते न कळून. इश्बेलने त्याचा दुसरा हात धरला. धुकं पांगेपर्यंत त्याने तो वरचा हात खाली घेतला नाही.