दोन सांध्यांचा लंबक

रामनाथसरांच्या घरात सगळं त्यांच्या ताब्यात होतं. ताब्यात येत नव्हता तो फक्त लंबक. पिंपळवंडीच्या मळ्यातल्या रिकाम्या कांदाचाळीत सरांनी एका दांडीच्या टोकाला दुसरी दांडी सांध्यानं अडकवली होती. ढकललं की वरची एकीकडं, खालची भलतीकडं. एकदा घेतलेला झोका पुन्हा कधी येत नसे. मोटारीनं सावरत दोन्ही दांड्या आभाळाकडं उभ्या करायच्या आणि खोडदच्या विज्ञान प्रदर्शनात टाळ्या घ्यायच्या, असा बेत. मोटार तापायची, दांड्या कोसळायच्या.

त्यातच वडील, गेणभाऊ, गेले. दहाव्याला कावळा शिवेना. "पोरीच्या हिश्श्याचं कबूल कर," म्हातारे कुजबुजले. सरांनी दर्भाचा कावळा शिववला आणि घड्याळ पाहिलं. बहीण वैजयंती हक्कसोडीवर सही करणारच होती. भावाकडं जमीन मागणारी बहीण त्या घरात अजून जन्मायची होती.

चहा घेऊन आलेली बायको, मोहिनी, लंबकाकडं बघून हसली. "कावळ्यावानी रुसलंय. कबूल करा कायतरी."

"बरं बाबा, वैजूला हिस्सा देतो. झालं?"

दोन्ही दांड्या सरळ उभ्या राहिल्या. मोटारीची वायर खुंटीला गुंडाळलेली होती.

मोहिनीनं चहा खाली ठेवला. "ऐकलं त्यानं. आता देऊन टाका."

"नाही देत," सर म्हणाले. दांड्या कोसळल्या.

माणूस शास्त्राचा, घाबरला नाही, वापरायला शिकला. खोडदला सरांनी दांडीशी वाकून "वैजूला हिस्सा देतो" हेच शब्द उच्चारले. दांड्या उभ्या, टाळ्या कडकडून. मागं डबा घेऊन उभ्या असलेल्या वैजयंतीनं शब्द ऐकले. तिचे डोळे भरले.

सोमवारी नोंदणी कार्यालयात तिच्यापुढं हक्कसोडपत्र आलं.

"दादा, खोडदला तू तर..."

"ते यंत्रासाठी व्हतं गं."

तिनं सही केली.

मग सरांची पाळी. पेन धरलेला उजवा हात टेबलावरून उठला. खांदा, कोपर, बोटं, सरळ छताकडं.

"काय शंका हाय का, सर?" कारकून हसला.

डाव्या हातानं ओढला. येईना.

उपाय सरांना ठाऊक होता. पुटपुटून पाहिला. हात तसाच.

शेवटी सगळ्यांदेखत ते ओरडले, "वैजूला हिस्सा देत नाही!"

हात पडला. पडून झोके घेऊ लागला.

वैजयंतीनं पिशवी उचलली, त्याच्या टप्प्याबाहेरून वळसा घेतला आणि एसटी धरायला निघाली.

"थांबला की सही करा," कारकून म्हणाला. हसत नव्हता.

हात मंदावत नव्हता. कोपर कुणाचंच ज्या बाजूला वळत नाही, त्या बाजूलाही सहज वळत होतं. सरांना दुखतही नव्हतं.