उजव्या बुटाची आतली कड

सुरतेत नवरात्र संपलं की दोन ठिकाणी गर्दी होते. एक हाडांच्या डॉक्टरकडे, दुसरी बुटांच्या दुकानात. आजार एकच. ज्याचं वय जास्त तो पहिल्या ठिकाणी जातो.

धनश्री एकवीस वर्षांची होती, म्हणून ती दुसऱ्या ठिकाणी आली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराला, उधन्याच्या मेन रोडवरच्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात. हे दुकान तिने निवडलं नव्हतं. तिला पलीकडच्या मोच्याकडे जायचं होतं, पण मोची स्वतःच गरबा खेळून आडवा झाला होता आणि त्याच्या पेटीला कुलूप होतं.

काउंटरमागच्या मुलाने वर न बघताच काय हवंय ते विचारलं, “बोलो बेन, शूं जोईए?”

सुरतेत दुकानात शिरणारी प्रत्येक बाई बेन, म्हणजे बहीण, असते. शाळकरी मुलगी बेन, तिची आई बेन, आजी बेन. या शहरात कुणाच्या मनात काही असलं तरी सुरुवात तिथूनच करावी लागते. प्रेमाच्या दृष्टीने ही सोय फारशी चांगली नाही, पण धंद्याला बरी पडते.

धनश्रीने पिशवीतून बूट काढून काउंटरवर ठेवले. “याचं सोल बदलून मिळेल?” तिने हिंदीत विचारलं.

मुलाने उजवा बूट उलटा केला, उजेडाकडे धरला आणि बघत राहिला. धनश्रीला जरा विचित्र वाटलं. तिच्या चेहऱ्याकडे इतका वेळ आजवर कुणी बघितलं नव्हतं.

“गरबा?” तो म्हणाला.

“बास्केटबॉल.”

“बास्केटबॉलमध्ये माणूस गोल गोल झिजत नाही. ही नऊ रात्रींची झीज आहे. तीही ग्राउंडवरची, बारीक खडीची.”

“शहाणाच आहे,” ती मराठीत पुटपुटली.

“शहाणा नाही. अमळनेरचा,” तो मराठीत म्हणाला. “आता डिंडोलीत राहतो.”

ती कानापर्यंत लाल झाली. मग तिला वाटलं, सुरतेतली निम्मी खानदेशी माणसं डिंडोलीतच राहतात, आपणही तिथल्याच — लाल व्हायचं काय कारण? पण झालेलं लाल परत घेता येत नाही.

त्याचं नाव ललित. दुकानात चार वर्षं झाली होती. स्वतः तो कधी कुठला खेळ खेळला नव्हता. शाळेत पी. टी.च्या तासाला तो सगळ्यांच्या चपला राखायचा. त्याचं पुढे हे झालं. गिऱ्हाईक जुना जोड घेऊन आलं की तो आधी सोल बघायचा. माणूस कसा धावतो, कुठे थबकतो, कुठे उडी मारून कशावर पडतो, ते सगळं तिथे दिसतं, असं त्याचं म्हणणं होतं. मालक मगनभाईंचं म्हणणं होतं की ते नव्या जोडाच्या बिलावरही दिसतं. पण मगनभाई धंद्यात तीस वर्षं होते.

“एक विचारू?” ललितने बोट बुटाच्या कडेवरून फिरवलं. “उजव्याची आतली कड कोरी आहे. गरब्याच्या आधीपासूनची कोरी. डावीकडे घुसायचं तर याच कडेवर जोर द्यावा लागतो ना… तुम्ही डावीकडे जातच नाही.”

धनश्रीने वर बघितलं. छतावरचा पंखा कटकट करत फिरत होता.

ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. वडोदऱ्याच्या एका अकादमीत मुलींच्या बारा जागा असतात. गेल्या वर्षीच्या निवड चाचणीत ती डावीकडे घुसली, पाय बुटातल्या बुटात सरकला, घोटा मुरगळला आणि बारा जागा दुसऱ्या बारा जणींना मिळाल्या. घोटा महिन्याभरात बरा झाला. डावी बाजू झाली नाही. त्या बाजूला मोकळी जागा दिसली तरी ती बॉल दुसरीला देऊन टाकायची. टीममधल्या मुली म्हणायच्या, धनश्री किती निःस्वार्थ खेळते. ती ऐकून घ्यायची. भित्रेपणाला कुणी चांगलं नाव दिलं तर माणूस हरकत घेत नाही.

“रविवारी परत चाचणी आहे,” ती म्हणाली. “वयाचं हे शेवटचं वर्ष. सात नंबर दाखवा.”

“आता नाही. संध्याकाळी या.”

“का?”

“सकाळी पाय लहान असतो. दिवसभर चाललं की फुगतो. चाचणी कधी आहे?”

“संध्याकाळी.”

“मग संध्याकाळच्या पायालाच बघायला पाहिजे. खेळताना घालता तेच मोजे घेऊन या.”

“असं सगळ्यांनाच संध्याकाळी बोलावता?”

ललितने बूट पिशवीत नीट ठेवले. “सगळे आलेच असते तर शेठने दुसरं दुकान टाकलं असतं,” तो म्हणाला.

बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की मराठी सुरू झाल्यापासून तो बेन म्हणाला नव्हता. ताईही म्हणाला नव्हता. मोठ्या काळजीने त्याने ती जागा रिकामी सोडली होती.

*

संध्याकाळी ती आली, मोजे घेऊन आणि वडिलांना घेऊन.

बळीराम कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये ताका चेकिंगला, म्हणजे कापडाचे तागे तपासायच्या कामावर होते. बावीस वर्षं त्यांच्यासमोरून कापड सरकत गेलं होतं आणि त्यातला प्रत्येक दोष त्यांनी खडूने खुणावला होता. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू ते आधी चिमटीत धरत. ललितने बुटांचे डबे उघडले तेव्हा त्यांनी सोलकडे बघितलंच नाही. वरचं जाळीदार कापड अंगठ्याखाली चोळलं.

“वीण घट्ट शे,” ते म्हणाले. “हाऊ चालीन. सात नंबर दे भाऊ.”

“नंबर मोजूया का आधी?” ललितने विचारलं.

“मोजाचं काय? सहा बसस, तर सात लेवानं. अंग वाढतं शे पोरनं.”

धनश्रीने दुसरीकडे बघितलं. तिचं अंग बळीरामांच्या हिशेबाने पहिलीपासून वाढत होतं. फ्रॉक मोठा, दप्तर मोठं, बूट एक नंबर मोठा. या घरात कुठली वस्तू कधी मापाची झालीच नव्हती. मोठी असायची, आणि मापाची व्हायच्या आत फाटायची. डिंडोलीतल्या निम्म्या घरांत हीच रीत होती आणि तिच्यामागे माया होती, म्हणून कुणी तिच्याशी भांडत नसे.

ललितने जमिनीवर एक कोरा कागद अंथरला. “उभ्या राहा. पूर्ण वजन द्या.”

तो खाली बसला आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढू लागला. टाच, मग बाहेरची बाजू, मग करंगळीजवळ हलकेच वळण… पेन्सिल तळव्याच्या आतल्या बाजूने गेली तेव्हा तिला गुदगुल्या झाल्या आणि तिने समोरच्या क्रिकेटच्या पॅडवर अतिशय गंभीरपणे लक्ष दिलं. पॅडवर किंमत लिहिलेली होती. ती तिने तीनदा वाचली.

“सहा,” ललित म्हणाला. “संध्याकाळी, मोज्यासकट, सहा.” मग त्याने सातचा बूट तिच्या पायात चढवला, लेस आवळली आणि बळीरामांना म्हणाला, “काका, जरा बुटाची टाच धरा. घट्ट.” मग धनश्रीला म्हणाला, “आता तुम्ही पाय उचला.”

बूट बळीरामांच्या हातात तसाच राहिला. आत धनश्रीची टाच बोटभर वर आली.

बळीराम त्या टाचेकडे बघत राहिले. त्यांनी आणखी एकदा उचलायला लावलं. परत तेच. बावीस वर्षं खडू धरलेल्या माणसाला दोष दाखवून द्यावा लागत नाही.

“कापड सैल गेलं की रोलरवर सळ पडस,” ते सावकाश म्हणाले. “मंग सगळा ताका परत येस.” त्यांनी लेकीकडे बघितलं. “मांगल्या वर्षी… असंच सरकना व्हता का?”

“हो, दादा.”

सातचा डबा त्यांनी स्वतः झाकण लावून बाजूला सरकवला.

धनश्रीला मात्र रडू येईल असं वाटलं, आणि का, ते तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. वर्षभर रोज संध्याकाळी घरी जाताना तिने स्वतःला भित्री म्हटलं होतं. आणि कारण होतं फक्त एक नंबर. बुटाच्या आत, जिभेवर छापलेला. कुणीही वाचला असता.

आता सहाचे दोन जोड उरले. एक काळा, जाड आणि कडक सोलचा. एक पांढरा, मऊ सोलचा. मागून मगनभाईंनी सांगितलं की काळा घ्या, मजबूत आहे. काळ्याचे अकरा डबे दिवाळीच्या आधी निघावेत अशी त्यांची इच्छा होती, ते त्यांनी सांगितलं नाही. बळीरामही काळ्याच्याच बाजूने होते. “काया ले. दोन वरीस काहीच व्हनार नई.”

धनश्रीने ललितकडे बघितलं. “फरक काय?”

“काळा सिमेंटवरचा. डिंडोलीच्या कोर्टवर दोन वर्षं जाईल, काका म्हणतात तसा. पण लाकडी कोर्टवर पकडत नाही, घसरतो. पांढरा लाकडावरचा. वळताना चिकटून राहील. सिमेंटवर तीन महिन्यांत संपेल.”

“चाचणी लाकडी कोर्टवर आहे. पण रोज मी सिमेंटवरच खेळते.”

“हो.”

“मग कुठला घेऊ?”

हातातल्या पेन्सिलीचं टोक ललितने अंगठ्यावर दाबून बघितलं. बुटांच्या बाबतीत तो इतका वेळ घेत नसे, आणि मगनभाईंनी चष्म्यावरून एकदा बघून घेतलं.

“ते… रविवारनंतर तुम्ही कुठे असाल, त्यावर आहे,” तो म्हणाला.

“कुठे असेन?”

निवड झाली तर वर्षभर वडोदरा, तिथे सगळं लाकडी. नाही झाली तर डिंडोली, सिमेंट, आणि या दुकानापासून रिक्षाने दहा मिनिटं. काळा जोड विकणं अगदी सोपं होतं. गिऱ्हाईकाचे वडील राजी, शेठ राजी. आणि विकणाऱ्याचा त्यात फायदाच होता, फक्त तो बिलावर दिसणारा नव्हता.

ललितने काळ्याचं झाकण लावलं.

“पांढरा घ्या,” तो म्हणाला. “तुम्ही सिमेंटवर राहणार नाही.”

“तुम्हाला काय माहीत? माझा खेळ तर बघितलेला नाही.”

“सोल बघितलंय. एक कड सोडून सगळीकडे झिजलंय. इतकं झिजलेलं माणूस एका नंबरसाठी मागे राहत नाही.” मग त्याला आपण जास्त बोललो असं वाटलं आणि तो घाईने म्हणाला, “खेळायच्या आधी सोल ओल्या फडक्याने पुसा. आपल्याकडे हवेतही सूत असतं.”

*

रविवारी ललित दुकानात होता. दिवाळीच्या आधीचा एकही रविवार कुठल्याही शेठला सोडवत नाही. त्यामुळे दुसऱ्या डावात डावीकडे मोकळी जागा दिसली आणि धनश्रीने या वेळी बॉल कुणालाही दिला नाही, हे त्याने बघितलं नाही. पहिलं पाऊल टाकताना तिने बुटात बोटं आवळून धरली होती. दुसरं टाकलं तेव्हा पाय बूट जिथे होता तिथेच होता. तिसऱ्याला तिला हसू आलं, आणि समोरच्या मुलीला वाटलं, ही आपल्यालाच हसतेय.

बळीराम पायऱ्यांवर बसून फक्त तिची टाच बघत होते.

मंगळवारी यादी लागली. बुधवारी ती दुकानात आली. गुरुवारी सकाळची गाडी होती.

“झालं,” ती म्हणाली.

“माहीत होतं,” ललित म्हणाला. तो खूश दिसत होता. खूश दिसण्याला त्याला बरेच कष्ट पडत होते, आणि तेही दिसत होतं.

काउंटरच्या काचेखाली मगनभाईंचं कॅलेंडर होतं, एका बँकेचं कार्ड होतं, आणि एका पायाचं चित्र होतं. पेन्सिलीचं. करंगळीजवळ हलकं वळण.

धनश्रीने काचेवर बोट ठेवलं. “हे काय?”

“रेकॉर्ड.”

“सगळ्यांचे पाय ठेवता?”

“एवढी… जागा नाही.”

ती काउंटरला वळसा घालून आत आली. गिऱ्हाईकाने असं करायचं नसतं. काच उचलून तिने कागद काढला आणि जमिनीवर अंथरला. “बूट काढा.”

“माझे?”

“त्या दिवशी तुम्ही उठत होतात तेव्हा तुमची टाच वर आली. मीही बघते सोल-बिल. कुठला नंबर आहे?”

“नऊ,” तो ओशाळून म्हणाला. “दुकानात उरतो तो घालतो. पाय आठचा आहे.”

“मग डावीकडे कसे जाणार?”

ललितने बूट काढले. तो मोज्यांवरच कागदावर उभा राहिला. कागद लहान होता. त्याचा पाय तिच्या पायाच्या रेघेवर थोडा आलाच. धनश्री खाली बसून रेघ ओढू लागली — टाचेपासून, सावकाश, घाई नसल्यासारखी. जिथे दोन्ही पाय एकमेकांवर येत होते तिथे ती थांबली नाही. रेघेवरून रेघ नेली.

“कागद मी नेते,” ती म्हणाली. “वडोदऱ्यात बुटांची दुकानं असतील. तीन महिन्यांनी सुट्टी आहे. तुमचा आठ नंबर घेऊन येईन, आणि माझे झिजलेले. वाचून दाखवा.”

“दाखवेन.”

“सगळं दिसेल त्यात?”

ललितने खरंच विचार केला. “खेळ दिसेल,” तो म्हणाला. “बाकी… सोलवर तेवढं येत नाही.”

“मग जे येणार नाही, ते तोंडी सांगेन.”

तेवढ्यात आतल्या गोदामातून मगनभाई बाहेर आले. आपला नोकर मोज्यांवर उभा आहे आणि एक मुलगी खाली बसून कागदाची घडी घालतेय, हे बघून ते दारातच थांबले.

“ललित, बेनने शूं जोईए छे?”

ललितने चार वर्षांत शेठची एकही चूक दुरुस्त केली नव्हती. बिलातलीसुद्धा नाही.

“बेन नथी, शेठ,” तो म्हणाला.

मगनभाईंनी आधी ललितच्या मोज्यांकडे बघितलं, मग पोरीच्या हातातल्या घडीकडे, मग काचेखालच्या रिकाम्या जागेकडे. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांना पायाचं माप कधी जमलं नव्हतं. माणसाचं जमत होतं.

“तो स्टूल आप ने,” ते स्टुलाकडे बोट दाखवत म्हणाले आणि, पोर केव्हाची खाली बसलीय म्हणून कुरकुरत, परत आत जायला वळले. “क्यारनी नीचे बेठी छे.”