एका डब्यातल्या वड्या

"मिक्सर नाही!" मैत्रेयी ओरडली. "त्यात आई रोज शेंगदाणे फिरवते!"

संकेतने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "मग खजूर बारीक कसा करायचा, ताई?"

"हाताने कुस्करायचा. गरम पाण्यात भिजलाय ना? चल, लाग कामाला!"

नाताळची सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी सगळे जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर सहलीला जाणार होते आणि पहिल्यांदाच शेजारचा पवनही येणार होता. पवनला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. गेल्या वर्षी कोणाच्या तरी वाढदिवसाला त्याने एक चिक्की खाल्ली, तर ओठ सुजले, श्वास कोंडला आणि त्याला थेट दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तो कुठेही गेला तरी स्वतःचा डबा घेऊन जायचा आणि एकटाच बाजूला बसून खायचा. ते पाहून मैत्रेयीला फार वाईट वाटे. म्हणून तिने ठरवलं होतं, या वेळी सगळ्यांसाठी एकच डबा!

तिने धुतलेल्या कढईत ओट्स खमंग भाजले. संकेतने त्यात खजूर, मध, थोडं तूप आणि भोपळ्याच्या बिया कालवल्या. मिश्रण ताटात थापून झाल्यावर मैत्रेयीने वर बियांनीच मोठा 'प' काढला. जयपूरच्या थंडीत फ्रीजची गरजच नव्हती. ताट झाकून ओट्यावर ठेवलं आणि दोघं अंगणात बॅडमिंटन खेळायला पळाले.

दुपारी पवन आला तो उड्या मारतच. "जम गई क्या? दाखव ना!"

मैत्रेयीने झाकण काढून वड्या पाडल्या. पवनने एक उचलली, तोंडाजवळ नेली...

"थांब!" मैत्रेयीने फटकन त्याच्या हातावर मारलं. वडी जमिनीवर पडली.

"अरे! मतलब, मला देणारच नव्हतीस का?"

"पवन, आधी हात धुऊन ये, साबणाने! संकेत, इकडे बघ. आपला 'प' कुठे गेला?"

'प' खरंच नव्हता. बिया विस्कटून आत गेल्या होत्या, सुरी कोरडी निघाली होती आणि सकाळचं चिकट मिश्रण आता भुरभुरीत झालं होतं. कोणीतरी ते मोडून, काहीतरी घालून पुन्हा थापलं होतं!

"माकड असेल," संकेत गंभीरपणे म्हणाला. "परवा गच्चीवरचे पापड पळवले की नाही?"

"माकड वड्या खाऊन जाईल, शहाण्या! परत थापून, वर झाकण ठेवून नाही जाणार!"

आई-बाबा ऑफिसला गेले होते. घरात होती ती फक्त विजयमाला आत्या, सोलापूरहून चार दिवसांसाठी आलेली. दोघं तिच्याकडे धावले.

"मी? मी काहीसुद्धा घातलं नाही गं!" आत्या म्हणाली. तिचा चेहरा इतका निष्पाप होता की मैत्रेयी गोंधळली. आत्या खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. मग आत गेलं तरी काय?

"सापळा लावू या," ती कुजबुजली.

उरलेल्या खजुरात ओट्स कालवून तिने वाटी मुद्दाम ओट्यावर ठेवली आणि तिघं दाराच्या पडद्याआड लपले. संकेतला हसू आवरेना, पवनने त्याच्या तोंडावर हात दाबला.

थोड्या वेळाने आत्या चहा करायला आली. वाटी दिसताच तिने बोट लावून पाहिलं. "अगंबाई, हेही चिकटच! या पोरांना काही म्हणजे काही जमत नाही!" आणि बोलता बोलता, न बघताच तिचा हात कुटाच्या डब्याकडे गेला...

"धरली!" संकेत पडद्यासकट बाहेर पडला.

"आत्या, तू तर म्हणालीस काही घातलं नाही!" मैत्रेयी म्हणाली.

"मग खरंच आहे ते! कूट म्हणजे काय घालणं झालं? भाजीत मीठ घालतो तसं!"

"अगं, पवनला शेंगदाणे चालत नाहीत, सांगितलं होतं ना?"

"शेंगदाणे कुठे घातले मी? हा तर कू..." आत्या तिथेच थांबली. तिने पवनकडे पाहिलं. "मला वाटलं, आवडत नसतील पोराला. नखरे असतील."

मैत्रेयीने तिला चिक्कीची गोष्ट सांगितली. आत्या मटकन खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवा! माझ्या हातून काय झालं असतं!"

"मम्मीला सांगू नका," पवन घाबरून म्हणाला. "ती मला पाठवणारच नाही!"

मैत्रेयीने कुटाच्या डब्याकडे पाहिलं. गप्प बसलं तर सहल नक्की होती. पण पवनची मम्मी तर त्यांच्याच भरवशावर त्याला पाठवत होती.

"सांगायलाच हवं, पवन," ती हळूच म्हणाली.

शेजारी पवनच्या मम्मीने, शर्मा आंटींनी, सगळं ऐकून घेतलं. त्यांनी पवनचे ओठ पाहिले, हात पाहिले, पुन्हा एकदा साबणाने धुवायला लावले. पवन मान खाली घालून उभा होता.

"छुपा लेते तो मुझे पता भी नहीं चलता," शेवटी त्या मैत्रेयीला म्हणाल्या. "तुमने सच बताया, बेटा. इसीलिए भेज रही हूँ. चलो, वड्या यहीं बनाओ, मेरी रसोई में!"

"हुर्रे!" पवनने संकेतला उचललंच!

आत्याही आली. येण्याआधी साबणाने हात धुतले होते, साडी बदलली होती, तरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच बसली, दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून. "मी नुसती बघते. हात सुटले तर मला ओरडा! शाबास गं पोरी, आज तू मला मोठ्या पापातून वाचवलंस."

दुसऱ्या दिवशी धरणावर छान ऊन पडलं होतं. सतरंजीच्या मधोमध मैत्रेयीने डबा उघडला. वरच्या वडीवर बियांचा 'प' जसाच्या तसा होता. सवयीने पवन उठून बाजूला जायला निघाला.

आत्याने त्याचा हात धरून त्याला आपल्याजवळ बसवलं. "कुठे निघालास रे? आधी तू घे, मग आम्ही."

पवनने सगळ्यांच्या त्या एकाच डब्यात हात घातला.