मध्यरेषेवरचा डावा हात

इचलकरंजीच्या त्या अंतिम सामन्याला मैदानाभोवती एकही कॅमेरामन नव्हता, आणि तरीही घरी बसलेल्या प्रेक्षकांना सामना चटईच्या पातळीवरून, खेळाडूच्या हनुवटीखालून, हवा तर पंचांच्या खांद्यावरूनही बघता येत होता. छताच्या कडेने बोराएवढी भिंगं बसवलेली होती. खेळाडूंच्या कमरपट्ट्यांत गव्हाच्या दाण्याएवढे संवेदक शिवलेले होते. बाकीचं सगळं यंत्रणा बघत होती. ‘झुंज’ वाहिनीने या यंत्रणेला ‘अखंडदृष्टी’ असं भारदस्त नाव दिलं होतं, आणि भारदस्त नावं देण्यात वाहिन्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

हेमांगी तावडे ही वाहिनीची प्रसारण-दिग्दर्शिका. तिची उमेदीची वर्षं संकलनाच्या खोलीत गेली होती. समोर पडद्यांची भिंत, कानात चौघांची आरडाओरड, आणि कुठल्या क्षणी कुठला कॅमेरा घ्यायचा याचा निर्णय डोळ्याचं पातं लवायच्या आत. आता तिच्यासमोर एकच पडदा होता. अखंडदृष्टी स्वतःच दृश्य निवडायची, स्वतःच जोडायची, आणि हेमांगीने फक्त मान डोलवायची. काम हलकं झालं होतं हे खरं. पण लग्नघरात सगळी कामं दुसऱ्यांनी वाटून घेतल्यावर यजमानीणबाईंना जसं होतं, तसं तिला अधूनमधून होत असे.

महिला कबड्डीचा तो सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत होता. चढाईला आली होती वाळव्याच्या संघाची ऋतुजा खोत. तिशी ओलांडलेली, उजवा खांदा दोनदा निखळलेला, आणि भारतीय संघाची निवड याच सामन्यावरून व्हायची होती. ही संधी गेली तर दुसरी येणार नव्हती, आणि हे सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं.

तिने कोपऱ्यातल्या मुलीला हूल दिली, पण रत्नागिरीच्या दीक्षा कांबळीने तिचा घोटा पकडला. मग एकीवर एक चौघी तिच्यावर कोसळल्या. कबड्डीचा नियम सोपा आहे. पकडलेल्या खेळाडूने दम न सोडता मध्यरेषेला नुसतं बोट लावलं तरी ती सुटते आणि तिला धरणाऱ्या बाद होतात. ऋतुजा त्या ढिगाऱ्याखालून रेषेकडे सरपटत होती. शिट्टी झाली.

आणि दीक्षाने हात वर केला.

कबड्डीत ही जुनी रीत आहे. आपण बाद झालो हे आपल्याला कळलं, तर पंचांची वाट न बघता हात वर करायचा आणि मुकाट्याने बाहेर जायचं. दीक्षा ढिगाऱ्याच्या तळाशी होती, तिचं डोकं रेषेला लागून होतं. तिने काहीतरी पाहिलं होतं. पण पंचांनी नव्या नियमाप्रमाणे मोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं. अखंडदृष्टीने अंगांचा तो ढीग लीलया बाजूला सारला आणि आतलं दृश्य स्वच्छ दाखवलं. ऋतुजाचा उजवा हात रेषेपासून वीतभर मागे, डावा हात पोटाखाली दुमडलेला. ऋतुजा बाद. दीक्षाने पडद्याकडे पाहिलं, आणि तिचा हात हळूहळू खाली आला.

हेमांगीने काचेआडून हे सगळं पाहिलं होतं. बाद झाल्याचं कबूल करून वर केलेला हात असा खाली येताना तिने आयुष्यात पाहिला नव्हता.

अजून बक्षीस समारंभ चालू होता, तेवढ्यात ऋतुजा घामाने भिजलेल्या जर्सीत नियंत्रण कक्षाच्या दारात येऊन उभी राहिली.

“ताई, चित्र चुकलंय,” ती म्हणाली. रडत नव्हती. “माझा डावा हात लागलाय रेषेला. रेषेच्या पट्टीची कड लागली बोटाला, हितं, नखाखाली. वर्षभर डाव्या हातानं सरावच केलाय मी. उजवा उचलतच न्हाई नीट.”

“चित्रात तुझा डावा हात पोटाखाली आहे, ऋतुजा.”

“तेच म्हणते मी. पोटाखाली माझा हात नव्हताच. मग त्यो कुणाचा हाय?”

हेमांगीने अखंडदृष्टीचे जनक डॉ. गौतम पेडणेकर यांना बोलावून घेतलं. पेडणेकर सज्जन माणूस. खोटं बोलायचे नाहीत, पण विचारल्याशिवाय खरंही सांगायचे नाहीत.

“डॉक्टर, त्या ढिगाऱ्याच्या आत कुठलं भिंग बघत होतं?”

“कुठलंच नाही,” पेडणेकर शांतपणे म्हणाले. “तिथे पोचणं शक्यच नव्हतं.”

“मग आम्ही पाहिलं ते काय?”

“भरण.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “असं बघा, शालीला भोक पडलं की रफूवाला काय करतो? आजूबाजूचा धागा, वीण, नक्षी बघतो, आणि तिथे काय असायला हवं होतं ते विणतो. आपली यंत्रणा तेच करते. भिंगांना जे दिसतं ते मूळ कापड. जे झाकलेलं असतं, ते ती खेळाडूच्या जुन्या हालचालींवरून भरते. प्रत्येक खेळाडूची शेकडो सामन्यांतली शरीराची सवय तिला पाठ असते.”

“म्हणजे ऋतुजाचा हात कुठे होता हे तिला माहीत नव्हतं. तो एरवी कुठे असतो तेवढं माहीत होतं.”

“सोप्या शब्दांत, हो. आणि एरवी ती उजवा हात टाकते, डावा अंगाखाली घेते. कारकीर्दभर तसंच खेळलीय ती. यंत्रणेने सर्वांत संभाव्य तेच दाखवलं.”

“आन् मी पहिल्यांदाच येगळं केलं,” ऋतुजा म्हणाली.

पेडणेकरांनी तिच्याकडे प्रथमच नीट पाहिलं. “हो,” ते म्हणाले. “तसं असेल तर ते दिसलं नसतं.”

हेमांगीने मूळ चित्रण मागितलं. ते नव्हतं. यंत्रणा दृश्याचा साचा बनवायची आणि भिंगांतून आलेलं कच्चं चित्रण लगेच पुसून टाकायची. साच्यात सगळं असताना कच्चा माल कशाला साठवायचा, असा त्यामागचा विचार होता. मग हेमांगीने दुसरी मागणी केली. भरलेला भाग लाल रंगात दाखवा. पेडणेकरांनी जरा आढेवेढे घेतले आणि कळ दाबली.

ऋतुजाचा डावा हात कोपरापासून लाल झाला. पण तेवढ्यावर थांबलं नाही. दीक्षाची पाठ लाल, पंचांचा निम्मा चेहरा लाल. हेमांगीने सामना मागे नेला. ज्या जवळच्या दृश्यावर समालोचक भारावून बोलला होता, त्यातला ऋतुजाच्या डोळ्यातला थेंबसुद्धा लाल होता. प्रेक्षक वर्षभर जे बघत होते, त्यातलं निम्म्याहून जास्त कुणीच पाहिलेलं नव्हतं. हेमांगीला भीती वाटली, आणि त्याहून जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी ती वाहिनीच्या प्रमुखांकडे गेली. लाल रंग पडद्यावर दाखवा, निदान निर्णयाच्या वेळी तरी, एवढंच तिचं म्हणणं होतं. प्रमुख हसले. “हेमांगीताई, लोक सामना बघायला बसतात. त्यांना आपण आपलं अस्तर का दाखवायचं?”

पण हेमांगी आता हट्टाला पेटली होती. साक्षीदार आहे, मग घाबरायचं कशाला, असं म्हणून ती ऋतुजाला घेऊन रत्नागिरीला दीक्षाच्या घरी गेली. दीक्षाने चहा केला, आदराने बोलली, पण नजर काही वर उचलेना.

“तू हात वर केला होतास,” हेमांगी म्हणाली.

“केला होता खरा. मला वाटलं, तिचं बोट लागलं.” दीक्षा थांबली. “पण ताई, तेव्हापासून ती चित्रफीत मी कितीदा बघितली. सगळे तीच दाखवतात. आता डोळे मिटले तरी मला हात पोटाखालीच दिसतो. मीच चुकले असेन. ऋतुजा, राग मानू नकोस गो. खोटं कसं बोलू मी?”

ऋतुजाने राग मानला नाही. परतीच्या वाटेवर तिने हेमांगीच्या फोनवरून थेट पेडणेकरांना गाठलं.

“सर, तुमचं यंत्र नवं कसं शिकतं?”

“बघून. तुमची हालचाल उघड्यावर, भिंगांना स्वच्छ दिसेल अशी, पुन्हा पुन्हा झाली की ती सवयीत जमा होते.”

“किती वेळा करावी लागंल?”

“ते सांगता येत नाही. तुमची उजव्या हाताची सवय फार जुनी आहे. पण ऋतुजा, उघड्यावर डावा हात टाकायचा म्हणजे बचाव करणाऱ्यांना तो आधीच दिसणार. तुम्ही पकडल्या जाल.”

“जाईन की,” ऋतुजा म्हणाली आणि फोन ठेवला.

भारतीय संघात तिचं नाव आलं नाही. पुढच्या मोसमात तिने जे केलं, ते बघून तिच्या प्रशिक्षकांनी कपाळावर हात मारून घेतला. मध्यरेषा दोन पावलं दूर असतानाच, कुणी अंगावर नसताना, मुद्दाम वेळ काढून ती डावा हात लांबवायची. पकडली जायची. पुन्हा तेच. प्रेक्षक हसायचे, समालोचक म्हणायचे की वय झालं आता. दुसऱ्या मोसमात तिला दुय्यम संघात टाकलं, तिथेही तिने तेच केलं. वाळव्यातल्या मुली मात्र शहाण्या निघाल्या. नवा डाव टाकायचाच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. झाकल्या जागी यंत्राला ठाऊक असलेलंच करावं, म्हणजे केलेलं दिसतं तरी. हळूहळू सगळ्याच संघांचा खेळ कालच्यासारखा होऊ लागला.

हेमांगीही स्वस्थ बसली नव्हती. एका सामन्यात तिने कुणालाही न विचारता लाल रंग थेट प्रसारणात सोडला. वाहिनीकडे तक्रारींचा पाऊस पडला. चित्र बिघडलंय, दुरुस्त करा, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. रंग बंद झाला आणि हेमांगीची बदली जुन्या सामन्यांच्या संग्रहात झाली. शिक्षा म्हणून दिलेली ती जागा तिने घट्ट धरून ठेवली.

तिथेच एके दुपारी तिला ते सापडलं. अखंडदृष्टीची नवी आवृत्ती आली होती. सामन्यांचे साचे तेच, पण आता त्यांतली भरणं ताज्या माहितीवरून पुन्हा विणली जात होती. हेमांगीने इचलकरंजीचा अंतिम सामना लावला. ढिगारा बाजूला झाला. ऋतुजाचा डावा हात पोटाखालून सुटला, लांब झाला, आणि तिचा अख्खा पंजा मध्यरेषेच्या पलीकडे पडला.

हेमांगी खुर्चीतून उठलीच. डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही.

कबड्डी महासंघाने निकाल बदलला. वाहिनीने मोठा सत्कार ठेवला, आणि प्रमुखांनी भाषणात सत्य कसं शेवटी समोर येतंच वगैरे सांगितलं. दीक्षा रत्नागिरीहून आली होती. तिने ऋतुजाला कडकडून मिठी मारली आणि माइकवर म्हणाली, “मी तेव्हाच हात वर केला होता. माझ्या डोळ्यांसमोर पडला तिचा पंजा. आजही दिसतोय मला.” ती खोटं बोलत नव्हती.

समारंभ संपल्यावर पेडणेकर बाजूला उभे होते. हेमांगीने त्यांना गाठलं.

“डॉक्टर, हा पंजाही लालच आहे ना?”

“तेवढाच लाल,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “तिने दोन वर्षं शिकवलं, म्हणून यंत्रणेला आता तो हात संभाव्य वाटतो. त्या दिवशी काय झालं, हे यंत्रणेला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही.”

“ऋतुजाला माहीत आहे.”

“हो,” पेडणेकर म्हणाले. “आता तेवढा एकच पुरावा उरलाय.”

ऋतुजा मोकळ्या झालेल्या मंचावर एकटीच बसली होती. समोरच्या पडद्यावर तीच चढाई पुन्हा पुन्हा फिरत होती. पंजा पडत होता, लोक उभे राहत होते. हेमांगी तिच्याशेजारी जाऊन बसली.

“जिंकलीस बाई. तुझ्यासारखी हट्टी मी पाहिली नाही.”

ऋतुजा हसली, पण लगेच गंभीर झाली. डाव्या हाताचं बोट ती अंगठ्याने चोळत होती, नखाखालची तीच जागा.

“ताई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं त्या दिवशी? दारात उभी राहून?”

“पट्टीची कड बोटाला लागली म्हणालीस. नखाखाली.”

“व्हय. नुसती कड.” तिने पडद्याकडे पाहिलं. पंजा पुन्हा पडला. “दोन वर्षं रोज आठवायची मला ती कड. हरले तरी आठवायची. आज सकाळपास्नं आठवतेय, तर सारखा पंजाच येतोय समोर.”

तिने हात हेमांगीच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, “ताई, लागलं होतं न्हवं माझं बोट?”