मावशीचा जबाब

त्या दिवशी मी मावशीकडे गेले ती फक्त तिचं शिलाई मशीन परत करायला. एरवी जिन्यावर माझी चाहूल लागली की ती दारातूनच सुरू व्हायची. घरात आम्ही तिला सवाईमावशी म्हणतो, कारण कुठलीही गोष्ट ती सव्वापट करून सांगते. गल्लीतलं मांजर तिच्या तोंडून घरी पोचेपर्यंत त्याचा वाघ झालेला असतो.

त्या दिवशी मात्र ती स्वयंपाकघरात गप्प बसून होती. समोरच्या चहावर साय धरली होती.

"काय झालं गं?"

"वाळवणखोलीच्या दारात एक बाई उभी होती. केस ओले होते. म्हणाली, आत येऊ नका. मी गेले नाही."

मी वाट बघत राहिले. पुढे काहीच आलं नाही.

मावशी इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला आहे. तळघरात चादरी धुतात आणि वाफेच्या पाइपांनी तापवलेल्या एका खोलीत वाळवतात. ती ही वाळवणखोली.

माझं कामच जबाब घेण्याचं. कारखान्यात अपघात झाला की तो पाहणाऱ्यांना विचारायचं आणि कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवायचं. इतक्या वर्षांत एक कळलंय. खोटा जबाब दर खेपेला सुधारत जातो. खरा जबाब आडमुठा असतो. त्याचे कोपरे सांगणाऱ्यालाही घासून गुळगुळीत करता येत नाहीत.

मी मावशीला उलटसुलट विचारलं.

"चेहरा कसा होता?"

"दिसला नाही."

"कपडे?"

"बघितले नाहीत."

"उभी कशी होती?"

"दोन्ही हात चौकटीला लावून. वाट अडवल्यासारखी."

"घाबरलीस?"

"तेव्हा नाही... घरी आल्यावर."

"आणि तिथे कुणाला सांगितलंस?"

"आत एक बाई आहे, मी जाणार नाही, एवढंच बोलले. सगळे हसले. मग पुढचं नाही सांगितलं."

चेहरा नसलेली बाई आयती हाती आली होती, आणि सवाईमावशीने तिला चिमूटभरही मीठमसाला लावला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याबरोबर धुलाईखान्यात गेले. जिना उतरताना साबणाचा, तापलेल्या कापडाचा आणि ओल्या दगडाचा वास येत होता. यंत्रांची घरघर पायांतून वर चढत होती. बोळाच्या टोकाला वाळवणखोलीचं लोखंडी दार होतं. ते अर्धवट उघडं होतं आणि आत अंधार.

पहिला जबाब इस्त्रीवाल्याने स्वतःहून दिला. त्याने पाहिलेल्या बाईचे डोळे निखाऱ्यासारखे होते, ती खदाखदा हसत होती आणि तिचे पाय उलटे होते.

"अगदी उलटे?"

"अगदी!"

"मग ती तुमच्याकडे येत होती की लांब जात होती?"

तो अडखळला. "म्हणजे... दोन्ही."

त्याचा जबाब मी तिथेच निकालात काढला.

मग मुकादम. वाळका, अबोल माणूस. तिथे त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. तो नाही म्हणाला असता, तर मी मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन विषय संपवणार होते.

"मुकादम, तुम्हाला इथे काही वेगळं जाणवलं का?"

"नाही ताई. मनाचे खेळ असतात हे." तो माझ्याकडे न बघता चादरीची घडी घालत राहिला. "असे दोन्ही हात पसरून कुणी कुणाची वाट अडवतं का?"

मावशीचा हात माझ्या दंडावर आवळला. हातांबद्दल ती माझ्याखेरीज कुणाशीच बोलली नव्हती.

"मुकादम," मी हळूच म्हटलं, "तिचे केस कसे होते?"

घडी त्याच्या हातातून सुटली.

"ओले," तो म्हणाला. "काल सकाळी... आणि आजही. मला वाटलं, बोललो तर लोक म्हणतील, म्हातारा भ्रमला. माझ्या शब्दाला वजन आहे ताई. ते असल्या गोष्टीपायी घालवू?"

"माझ्या शब्दाला नाहीच," मावशी फटकन म्हणाली. "म्हणून मीच सांगितलं!"

ओल्या चादरींच्या गाड्या घेऊन बायका दाराकडे निघाल्याच होत्या. वरून वॉर्डातल्या नर्सचे चादरींसाठी फोनवर फोन येत होते. मुकादमाने एकदा त्या अंधाऱ्या दाराकडे पाहिलं. मग तो असा ओरडला, की इतक्या बारीक अंगात एवढा आवाज होता हे कुणाला ठाऊक नसावं.

"थांबा! आज वाळवणखोली बंद. कुणी विचारलं तर सांगा, मी सांगितलंय!"

त्याने दार लोटलं, कडी घातली, सगळ्यांना बोळाच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि बॉयलरवाल्याला बोलावणं धाडलं. बायका कुरकुरत होत्या. बॉयलरवाला जिना उतरतोय तोच आतून शीळ घातल्यासारखा आवाज आला... बारीक, मग वाढत वाढत... आणि धाडकन काहीतरी फुटलं. लोखंडी दार थरथरलं. फटींतून पांढरीशुभ्र वाफ फुसांडत बाहेर आली. बॉयलरवाला उलट्या पावली वाफ बंद करायला धावला.

मुख्य पाइप फुटला होता. आत माणूस असता तर भाजून निघाला असता.

मुकादमाने एकेकीच्या डोक्याला हात लावून माणसं मोजली. पुन्हा मोजली. सगळ्या होत्या. तो मटकन खाली बसला आणि रडू लागला, आणि त्याला रडताना बघून बायका हसायला लागल्या. हसता हसता त्याही रडल्या. इस्त्रीवाला टेबलाखालून बाहेर येऊन म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं?" माझ्या छातीवरचा दगडच उतरला.

वाफ निवल्यावर दार उघडलं. भिंती गळत होत्या, फरशीवर पाणी होतं. फक्त उंबऱ्याच्या आत, अगदी कडेला, दोन कोरडे ठसे होते. बायकी पावलांचे. बोटं आमच्याकडे. खोलीकडे पाठ करून कुणीतरी शेवटपर्यंत तिथे उभं राहिल्यासारखे.

आम्ही बघत असतानाच डाव्या ठशावर पाणी आलं. मग उजव्यावर.

मावशीने पदर आवरला, ती अंग चोरून भिंतीला टेकली आणि तिने कुणालातरी जायला वाट दिली.

आता ती ही गोष्ट घरी आल्यागेल्याला सांगते. पाइपाचा बॉयलर झालाय, बॉयलरने छत उडवलंय आणि तिने एकटीने दोन मजल्यांचे रोगी वाचवलेत. आम्ही पोट धरून हसतो. मुकादमही परवा येऊन हसून गेला.

वाट दिल्याचं तेवढं ती कधीच सांगत नाही. मी एकदा विचारलं, तर उठून कपबशा विसळायला गेली. तेही तिने सव्वापट करून सांगितलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.