पर्यवेक्षकाचे हितसंबंध

प्रेम माणसाला निर्भय करतं, असं मोठी माणसं सांगून गेली आहेत. ती बहुधा परीक्षा देऊन मोकळी झालेली असावीत. डेलिया हॉफर वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ज्या माणसाच्या प्रेमात पडली, त्याच्यासमोर ती जेव्हा जेव्हा गेली, तेव्हा तेव्हा तिचे तळहात घामेजलेले होते.

पहिली भेट ऑक्टोबरातली. नेब्रास्कातल्या ड्राय फोर्क गावच्या कॉलेजच्या तळघरात, बॉयलर आणि वेल्डिंगचा वर्ग यांच्या मधोमध परीक्षेची खोली होती. दाराशी मिलो नोव्हॉट्नी नावाचा उंच, किंचित वाकलेला पर्यवेक्षक उभा होता.

"खिसे उलटे करा, मिस."

"दोन्ही?"

"असतील तेवढे."

डेलिया धान्याच्या कोठीवर कामाला होती. रुमाल निघाला, खोकल्याची गोळी निघाली आणि मूठभर मका जमिनीवर सांडला. मिलो उकिडवा बसून एकेक दाणा वेचू लागला.

"राहू द्या ना..."

"कसं राहू देऊ? एखाद्यावर उत्तर लिहिलेलं असायचं."

तो चेष्टा करतोय की नियम पाळतोय, हे तिला कळेना. मग त्याने चष्मा मागितला, दोन्ही बाजूंनी पाहिला, परत केला. डोळ्यांवर चष्मा नसताना तिला तो फार देखणा दिसला होता. चष्मा लावल्यावरही बराच देखणा राहिला, तेव्हा तिला जरा काळजी वाटली.

पण मुळात ती आली होती पदवीसाठी. कोठीवर अकरा वर्षांत तिने तीन मॅनेजर शिकवून तयार केले होते. तिघेही पदवीधर होते. बाकी सगळं त्यांना तिने शिकवलं. आता तिसरा निवृत्त होणार होता, आणि मुख्य कचेरीने लिहिलं होतं की त्याची जागा हवी असेल तर पुढच्याच्या पुढच्या एक ऑगस्टच्या आत व्यवसायाच्या पदवीचे सगळे विषय सुटल्याचा कागद दाखव, नाहीतर चौथा पाठवतो. नोकरी सोडून वर्गात बसणं शक्य नव्हतं. पण दुसऱ्या राज्यातलं एक कॉलेज होतं, जे वर्गात न बसता नुसती परीक्षा पास झालं तरी विषय सुटला असं धरत असे. परीक्षा ड्राय फोर्कच्या केंद्रातच देता येत असल्याने डेलियाने त्या कॉलेजचं दारही पाहिलं नव्हतं. फ्रिजवर तिने बावीस विषयांचा तक्ता लावला आणि दर महिन्याला निदान एक खोडायचा असं ठरवलं.

दर महिन्याला खिसे, दर महिन्याला चष्मा.

"या वेळी काय आहे?" मिलो विचारी.

"मार्केटिंग."

"म्हणजे नको असलेली वस्तू गळ्यात मारणं."

"तुम्हाला बोलायची परवानगी आहे का हो?"

"खोलीच्या बाहेर आहे. आत नुसतं बघायचं असतं."

तो आत बसून बघायचा. नियमच होता. डेलियाला मात्र मानेवर ऊब जाणवायची, आणि उत्तर 'क' की 'ड' याचा घोळ व्हायचा.

"एवढं भ्यायचं कशाला, पोरी?" कोठीवरची म्हातारी बर्नीस राजमा-खिम्याच्या तिखट चिलीत दालचिनीचा गोड रोल बुडवत म्हणायची. "नापास झालीस तर जास्तीत जास्त काय होईल?"

"चौथा येईल."

"आणि पास झालीस तर?"

"मग तिकडे जायला कारण उरणार नाही," असं डेलिया म्हणाली नाही. तिने रोल घेतला.

एकवीस विषय खोडले गेले. शेवटचा होता व्यवसायविषयक कायदा, आणि एप्रिलच्या अठरा तारखेला तिथे ती आपटली. पन्नास लागतात, पडद्यावर सत्तेचाळीस आले. ती बाहेर आली तेव्हा मिलो दाराशीच होता.

"पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागतं," ती म्हणाली. "म्हणजे..."

"अठरा जुलै. शुक्रवार आहे."

त्याने ते आधीच मोजून ठेवलं होतं. डेलियाला रडू येणार होतं, ते या गडबडीत राहून गेलं.

अठरा जुलैला ती पाऊण तास आधी पोचली. आज गेलं तर पुढची संधी ऑक्टोबरात. तोवर चौथा तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून 'मका कुठला आणि ज्वारी कुठली' विचारत असेल. मिलो दारात आडवा उभा होता. हातात एक फॉर्म.

"मी तुम्हाला आत सोडू शकत नाही."

"ओळखपत्र आणलंय मी. खिसे रिकामे आहेत... बघा."

"तुमचं काही नाही. माझं आहे. परीक्षार्थीशी पर्यवेक्षकाचे हितसंबंध असले तर परीक्षा घेता येत नाही. 'नाहीत' म्हणून दर वेळी सही करतो मी. आज पेन चालेना."

"कसले हितसंबंध?"

"एप्रिलपासूनचे." तो फॉर्मकडे बघत होता. "खरं म्हणजे... मका सांडला तेव्हापासूनचे."

बॉयलर घुरघुरत राहिला.

"काहीतरी बोला, मिस हॉफर. गप्प राहिलात तर मी भलतंच समजेन."

"कायद्यात मौन म्हणजे संमती धरत नाहीत," डेलिया म्हणाली. "एप्रिलमध्ये हेच चुकलं होतं माझं. चौदा दिवस दम धरवला नाही तुम्हाला? इथं माझी बढती चाललीय, आणि तुम्हाला प्रेम सुचतंय."

"धरला असता. पण मी खोटी सही केली आणि उद्या कुणी विचारलं, तर तुमचा निकाल रद्द होईल. त्याची मला... फार भीती वाटली. चार रात्री झोप नाही."

आपल्या निकालाला आपल्याखेरीज आणखी कुणी भितं, हे डेलियाला नवीन होतं. बावीस परीक्षांत ही भीती तिने एकटीनेच वाहिली होती.

"मंगळवारी दुसऱ्या केंद्रात एक जागा आहे," तो म्हणाला. "चौऱ्याण्णव मैल. तुमच्या नावाने धरून ठेवलीय. गाडी मी चालवीन. चालत असेल तर."

मंगळवारी निम्म्या वाटेवर गारा सुरू झाल्या. टपावर असा मारा, की मिलोने पिकअप एका पुलाखाली घेतली. डेलियाची नजर घड्याळावरून हलेना.

"पोचू आपण," तो म्हणाला. "बोल, करार कधी रद्द करता येतो?"

"धाक घालून करून घेतला असेल तर."

"आत्ता कसला धाक आहे?"

"परीक्षेचा. गारांचा. चौथ्याचा." ती थांबली. "तुमचा... तुझा नाही. आज पहिल्यांदाच."

गियरवरच्या त्याच्या हातावर तिने हात ठेवला. ओलसर होता. दोघांचेही होते.

परीक्षा संपली, 'निकाल पाहा' हे बटण समोर आलं, आणि तिचं बोट पुढे जाईना. तिथली पर्यवेक्षिका दोनदा खाकरली. मग डेलियाने डोळे मिटून बटण दाबलं.

मिलो गाडीपाशी उन्हात उभा होता, वितळणाऱ्या गारा बुटाने चिरडत.

"त्रेपन्न," ती म्हणाली.

"पन्नास पुरले असते."

"वरचे तीन तू ठेव."

त्याने तिला जवळ घेतलं. चष्मा मध्ये आला, म्हणून या खेपेला तिने तो स्वतःहून काढला.

मिलोच्या फॉर्मला परीक्षा मंडळाचं उत्तर नवव्या दिवशी आलं. नियम फक्त पती, पत्नी आणि रक्ताचे नातेवाईक यांना लागू आहे. इतर भावनांची नोंद करण्याची तरतूद नाही. परीक्षार्थीला आत सोडण्यास हरकत नव्हती.