उंबऱ्यावरची पाठ

"आत्याबाई, माझ्यावर पहारा ठेवलाय का तुम्ही?"

शब्द निसटला आणि रेश्माला स्वतःचाच आवाज परका वाटला...

तान्ह्या पार्थच्या जन्मापासून तिच्या माकडहाडाच्या वरच्या सांध्यात कळ ठाण मांडून बसली होती. नगरच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी शिकवलेले व्यायाम ती मधल्या खोलीत चटईवर करायची. उताणं पडायचं, गुडघे दुमडायचे, त्यांत उशी दाबायची आणि कंबर हळूहळू वर उचलायची... सासरच्या घरात, अशा अवस्थेत! शिकली-सवरलेली असूनही ती संकोचानं अर्धी व्हायची. खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्याबाहेर उंबऱ्यावर सासूबाई, राहीबाई, येऊन बसायच्या.

"पहारा म्हन की," पाठमोऱ्या राहीबाई शांतपणे म्हणाल्या. उठल्या मात्र नाहीत.

धुमसत रेश्मानं कंबर उचलली, तोच सासऱ्यांच्या चपला वाजल्या.

"सरक, पानाचा डबा आत हाय."

"तितंच थांबा. पोरगी लेकराला पाजतीय."

"रोज याच वक्ताला?"

"मंग काय तुमाला इचारून पाजायचं? ओट्यावर बसा, देते आनून."

रेश्मा गोठली. पडद्याच्या फटीतून तिला दिसलं... चौकट धरून, एका पायावर भार देत राहीबाई उठत होत्या, आणि त्यांचा तळवा कमरेखाली त्याच जागी दाबलेला होता, जिथं रोज तिचा स्वतःचा जायचा.

डबा देऊन त्या परतल्या, तेव्हा रेश्मानं विचारलं, "तुमचंही तिथंच दुखतं?"

"लई जुनं हाय ते. तुझा नवरा झाला अन् म्या ओल्या बाळंतिणीच्या अंगानं उसाच्या मोळ्या वाहिल्या. फडात कुठला पडदा?"

"मग उंबऱ्यावर कशाला बसता?"

"तू लाजून अर्ध्यात उठत हुतीस, म्हनून."

रेश्माची मान वर होईना. आपण ज्याला पहारा म्हणालो, तो आडोसा होता... दुखऱ्या कमरेनं रोज धरलेला! तिनं चटई झटकून नीट अंथरली, उशी ठेवली, राहीबाईंना हाताला धरून आडवं केलं आणि कंबर कशी उचलायची ते दाखवलं.

"या वयात? मानसं काय म्हनतील गं?"

पार्थला मांडीवर घेऊन ती उंबऱ्यावर जाऊन बसली, आत पाठ करून. थोड्या वेळानं चपला पुन्हा वाजल्या.

"मामंजी, तिथंच थांबा."

"आता कोन कोनाला पाजतंय?"

पडद्याआड राहीबाई खुदकन हसल्या. रेश्माचे डोळे भरून आले होते. पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.